आईची कैफियत

ॲल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ या १९६० सालच्या चित्रपटाच्या अखेरीस, एका लहानशा गावच्या न्यायालयाच्या इमारतीत पोलीस अधिकारी, खून झालेल्या तरुणीची बहीण आणि त्या तरुणीचा प्रियकर अशी मंडळी जमली असता, एक मनोविकारतज्ज्ञ उभा राहून साऱ्या रहस्याचा उलगडा करतो. नॉर्मन बेट्स या तरुणाच्या हातून खून झाले हे खरे. परंतु ते करताना तो नॉर्मन नव्हता, तो मनाने आपली आई झाला होता. आणि ती आई मुलाला घट्ट चिकटून राहणारी, त्याच्यावर अविरत हक्क गाजवणारी बाई होती, असे तो सांगतो. ऐकणाऱ्यांचे समाधान होते, प्रेक्षकांचेही होते, आणि प्रकरण निकालात निघते. या साऱ्या चौकशीत एक गोष्ट मात्र कोणाच्याही मनाला खटकत नाही, ती ही की जिच्या माथी मूळचा दोष आला ती स्त्री दहा वर्षांपूर्वीच मरण पावली आहे, तिला विष घालणारा हाच तिचा मुलगा आहे, आणि तिच्या स्वभावाविषयी आपण जे जे ऐकले ते जवळजवळ सारे त्याच्याच मुखातून ऐकले आहे. ही हकीकत मला नॉर्मनने सांगितली नाही, त्याच्या आईने सांगितली, असे डॉक्टर स्वतःच म्हणतो. म्हणजे नॉर्मनच्या मनाचा जो अर्धा भाग आई होऊन बसला आहे, त्याची ती जबानी. मारणाऱ्यानेच मारलेल्या व्यक्तीच्या नावाने साक्ष द्यावी आणि ती ग्राह्य धरली जावी, असा हा विलक्षण प्रकार आहे.

आई आणि मुलगा यांच्यातील बिघडलेला संबंध हा मानसशास्त्रीय थरारपटांचा गेल्या पाऊणशे वर्षांतील अत्यंत आवडता विषय आहे. चोर, हेर, पिशाच्च यांची भीती बाहेरून येते. पण ज्या मांडीवर आपण निजलो तिच्याविषयीच संशय उत्पन्न झाला, तर माणसाला आश्रयाला जायला जागाच उरत नाही, आणि थरारपटाला नेमकी हीच कोंडी हवी असते. यांपैकी कित्येक चित्रपट कलाकृती म्हणून थोर आहेत व त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तथापि त्यांतील बहुतेकांनी आईविरुद्ध एकतर्फी निकाल दिला, तिची कैफियत दप्तरी दाखलच होऊ दिली नाही, आणि ती पुरतेपणी दाखल करून घ्यायला या चित्रप्रकाराला जवळजवळ पन्नास वर्षे लागली, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘सायको’च्या कथेचे मूळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या प्लेनफील्ड नावाच्या खेड्यात आहे. तेथे १९५७ च्या नोव्हेंबरात एड गीन नावाच्या एका एकाकी माणसाला खुनाच्या आरोपावरून अटक झाली, आणि त्याच्या घराची झडती घेतली असता स्मशानातून उकरून आणलेल्या प्रेतांचे अवशेष सापडले. उरलेले घर उकिरड्यासारखे झाले असताना, १९४५ साली वारलेल्या आईच्या खोल्या मात्र त्याने फळ्या ठोकून बंद केल्या होत्या आणि त्या जशाच्या तशा राखल्या होत्या. रॉबर्ट ब्लॉक हे लेखक त्या सुमारास जवळच्याच गावी राहत असत. शेजारी राहणारा साधासुधा माणूस इतका भयंकर असू शकतो आणि गावाला त्याचा सुगावाही लागत नाही, या विचाराने त्यांना घेरले, व त्यातून १९५९ साली त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली. कादंबरीतला नॉर्मन चाळिशीचा, स्थूल, चष्मा लावणारा, दारू पिणारा असा इसम आहे; त्याच्याविषयी वाचकाला फारसा जिव्हाळा वाटत नाही. हिचकॉक आणि त्यांचे पटकथाकार जोसेफ स्टेफानो यांनी येथेच निर्णायक बदल केला. स्टेफानो त्या काळात स्वतः मनोविश्लेषकाकडे जात होते, याचाही परिणाम पटकथेवर झाला असावा असे वाटते. त्यांनी नॉर्मनला तरुण, सडपातळ, लाजाळू, बोलताना अडखळणारा असा केला आणि ती भूमिका अँथनी पर्किन्स यांना दिली. या एका बदलाने प्रेक्षकांची सारी सहानुभूती मुलाच्या पदरात पडली, आणि त्याच क्षणी आईच्या वाट्याला काय यायचे ते ठरून गेले.

नॉर्मनच्या मोटेलच्या कचेरीमागील छोट्या दालनात तो आणि पुढे जिचा खून होतो ती पाहुणी मॅरियन क्रेन यांचे जे संभाषण होते, तो माझ्या मते या चित्रपटाचा प्राण आहे. न्हाणीघरातल्या खुनाची कीर्ती जगभर झाली असली तरी ती कीर्ती या शांत प्रसंगाच्या पायावर उभी आहे. भिंतींवर पेंढा भरलेले पक्षी पंख पसरून बसलेले आहेत. नॉर्मनने पाहुणीसाठी दूध आणि पाव आणला आहे. आणि तो आपल्या आजारी आईविषयी बोलू लागतो. वडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. पुढे आईला एक गृहस्थ भेटला, त्याच्या सांगण्यावरून तिने हे मोटेल बांधले. तो तिला काहीही पटवून देऊ शकला असता, असे नॉर्मन म्हणतो, आणि त्या एका उद्गारातील मत्सर ऐकणाऱ्याच्या कानाला स्पष्ट जाणवतो. आईला कुठेतरी नेऊन ठेवावे, अशी सूचना मॅरियनने करताच त्याचा सारा लाजाळूपणा गळून पडतो व तो विलक्षण तीव्रतेने बोलू लागतो. येथे क्षणभर थांबून नॉर्मनच्या शब्दांतूनच त्या बाईचे आयुष्य वाचण्याचा प्रयत्न केला तर काय दिसते? ऐन वयात वैधव्य आलेली, एक लहान मूल पदरी असलेली, टेकडीवरच्या जुन्या घरात एकटी राहणारी स्त्री. बऱ्याच वर्षांनी तिला एक सोबती मिळतो, ती पुन्हा उभारी धरते, नवा व्यवसाय थाटते. आणि या दुसऱ्या संसाराची शिक्षा म्हणून तिचा मुलगा तिला व तिच्या सोबत्याला विष घालतो. ही एका मोठ्या शोककथेची सामग्री आहे. चित्रपट तिच्याकडे पाहत नाही, कारण त्याला तिचे प्रेत हवे आहे.

ती आई पडद्यावर कशी उभी करण्यात आली, तेही ध्यानात घेण्यासारखे आहे. रहस्य फुटू नये म्हणून हिचकॉक यांनी या भूमिकेसाठी एखाद्या ज्येष्ठ अभिनेत्रीचा शोध चालू असल्याची हवा पसरू दिली. प्रत्यक्षात तिच्या आवाजासाठी व्हर्जिनिया ग्रेग व जीनेट नोलन या अभिनेत्री आणि पॉल जास्मिन हा तरुण असे तिघे योजले गेले, आणि त्यांचे आवाज एकमेकांत मिसळण्यात आले. श्रेयनामावलीत या तिघांपैकी कोणाचेही नाव नाही. न्हाणीघरातील प्रसंगात पडद्याआडून जी आकृती सुरी उगारते ती पर्किन्स यांची नव्हे, ते तेव्हा न्यूयॉर्कला होते. ती मार्गो एपर या साहसदृश्ये करणाऱ्या स्त्रीची आहे. नॉर्मन आईला उचलून तळघरात नेतो तेव्हा तिचा चेहरा दिसू नये म्हणून कॅमेरा जिन्याच्या वर, थेट छताशी नेलेला आहे. तिघांचे आवाज, परक्यांची शरीरे आणि शेवटी खुर्चीत बसलेला एक सुकलेला देह यांची जुळवाजुळव करून ही आई घडवली गेली. तिची भूमिका करणारी म्हणून एकाही अभिनेत्रीकडे बोट दाखवता येत नाही.

मारलेल्या आईला पुन्हा जिवंत करण्याची ही धडपड मराठी वाचकाला अगदीच अपरिचित वाटू नये. माहूरगडच्या रेणुकेची कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पित्याच्या आज्ञेवरून परशुरामाने मातेचा शिरच्छेद केला, आणि प्रसन्न झालेल्या जमदग्नीने वर माग म्हणताच त्याने आई पुन्हा जिवंत व्हावी आणि आपल्या वधाची तिला स्मृतीही राहू नये, हे मागितले. या दुसऱ्या मागणीत मातृहत्येच्या यातनेचे केवढे खोल ज्ञान आहे! आई परत आली एवढ्याने मुलाचे भागत नाही. तिला ते आठवता कामा नये. नॉर्मनला वर देणारा कोणी नव्हता. म्हणून आईचे प्रेत त्याने चोरले, तिला स्वतःच्या मनाचा अर्धा भाग दिला, आणि विस्मृतीचा वर स्वतःलाच देऊन टाकला. सर्व अपराधांत मातृहत्या ही करणाऱ्यालाच सर्वांत असह्य होते, अशा अर्थाचे त्या मनोविकारतज्ज्ञाचे विधान आहे, आणि त्याच्या लांबलचक भाषणातील तेवढाच भाग मला खरा वाटतो.

उरलेले भाषण त्या काळाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत आईला दोष देणे ही एक विद्वन्मान्य गोष्ट होऊन बसली होती. फिलिप वायली यांनी १९४२ साली एका गाजलेल्या पुस्तकात अमेरिकन मातांवर अत्यंत कठोर हल्ला चढवला. पुढच्या वर्षी डेव्हिड लेव्ही यांनी मातेच्या अतिसंरक्षणावर ग्रंथ लिहिला. १९४६ साली एडवर्ड स्ट्रेकर या मनोविकारतज्ज्ञाने तरुणांच्या मानसिक दुबळेपणाचे खापर त्यांच्या मातांवर फोडले. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी स्किझोफ्रेनिया या दारुण आजाराचा संबंध एका विशिष्ट प्रकारच्या मातेशी जोडला. आणि लिओ कॅनर यांच्या लेखनातून स्वमग्न मुलांच्या आईबापांविषयी, विशेषतः आयांविषयी, त्या भावनाशून्य व थंड असतात अशी समजूत रूढ झाली. पुढील संशोधनाने या कल्पना टाकाऊ ठरवल्या. आनुवंशिकता आणि मेंदूची जडणघडण यांचा विचार होऊ लागला. परंतु तोपर्यंत आजारी मुलाला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या कितीतरी स्त्रियांनी, तुमच्यामुळेच हे झाले, हा निर्णय मुकाट्याने ऐकून घेतला होता. चित्रपटांनी हा निर्णय निर्माण केला नाही. पण शास्त्राने तो मागे घेतल्यानंतरही पडद्यावर त्याची अंमलबजावणी चालूच राहिली.

हिचकॉक यांच्या इतर चित्रपटांतही या आया जागोजाग आढळतात. ‘नोटोरियस’ (१९४६) मधील मादाम सेबॅस्टियन ही सुनेला हळूहळू विष देण्याची योजना मुलाच्या गळी उतरवते. ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ (१९५१) मधील ब्रूनोची आई मुलाच्या विकृतीकडे लाडाने हसून पाहते. हिचकॉक लंडनच्या लेटनस्टोन भागात १८९९ साली जन्मले, आणि लहानपणी रात्री आईच्या पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून दिवसभराचा हिशेब तिला द्यावा लागे, ही आठवण त्यांनीच सांगितली आहे. त्यांची आई एमा १९४२ साली, ‘शॅडो ऑफ अ डाउट’ची निर्मिती चालू असताना वारली, त्या चित्रपटातील प्रेमळ, भोळ्या आईचे नावही एमाच आहे, आणि तिच्यासारखी दुसरी आई हिचकॉक यांनी पुढे क्वचितच रंगवली. मात्र ‘द बर्ड्स’ (१९६३) मध्ये त्यांनी एक फार चांगली गोष्ट केली. मुलाच्या प्रेयसीला दूर लोटणारी विधवा लिडिया त्यात आजारी होऊन अंथरुणावर पडते, आणि नवरा गेल्यापासून आपल्याला एकटे पडण्याची किती भीती वाटते, हे त्याच प्रेयसीजवळ बोलून दाखवते. जेसिका टँडी यांनी तो प्रसंग असा काही केला आहे की त्यानंतर लिडियाचा राग येत नाही.

या काळातील आणखी एका चित्रपटाचा उल्लेख टाळता येत नाही. जॉन फ्रँकनहायमर यांच्या ‘द मँच्युरियन कँडिडेट’ (१९६२) मध्ये आई आपल्या मुलाला राजकीय सत्तेसाठी खुनाचे हत्यार म्हणून वापरते. अँजेला लान्सबरी यांचा हा अभिनय भीती वाटावी इतका समर्थ आहे. आणि तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे, की मुलाची भूमिका करणारे लॉरेन्स हार्वे त्यांच्याहून अवघे तीन वर्षांनी लहान होते. ‘नोटोरियस’मध्येही आई आणि मुलगा यांच्या भूमिका करणाऱ्या लिओपोल्डिन कॉन्स्टंटिन आणि क्लॉड रेन्स यांच्या वयांत साधारण तेवढेच अंतर होते. आई म्हणून जी पडद्यावर आणली, तिला मुलाच्या वयाची स्त्री म्हणूनच प्रेक्षकांपुढे ठेवले, मग त्यांच्या नात्यात विकृतीचा वास आला तर नवल ते काय?

आणि या सर्व खटल्यांत बाप कोठे आहे? नॉर्मनचा बाप वारलेला, लिडियाचा नवरा वारलेला, ब्रूनोचा बाप घरात असून मुलाला नुसता नकोसा, ‘मँच्युरियन कँडिडेट’मधला सावत्र बाप तर बायकोच्या हातातील बाहुले. जो हजर नाही त्याच्यावर फिर्याद होत नाही, आणि जी हजर राहिली, जिने एकटीने मूल वाढवले, तिच्यावर मात्र होते.

हा क्रम खऱ्या अर्थाने मोडला तो दक्षिण कोरियाच्या बाँग जून-हो यांनी, २००९ सालच्या ‘मदर’ या चित्रपटात. त्यांनी कॅमेरा उचलून आईच्या बाजूला ठेवला. या आईला चित्रपटभर नाव नाही. ती एका लहान गावात औषधी मुळ्या विकते, परवान्याशिवाय सुया टोचून उपचार करते, आणि मंदबुद्धीचा तरुण मुलगा दो-जून याला सांभाळते. चित्रपटाच्या आरंभीच असा प्रसंग आहे की ती दुकानात मुळ्या कापत बसली आहे, हात कातरीवर आणि डोळे रस्त्यापलीकडच्या मुलावर. इतक्यात एक मोटार त्याला धक्का देऊन जाते, ती धावत जाते, त्याच्या अंगावरचे रक्त पाहून आक्रोश करते, आणि ते रक्त तिच्याच कापलेल्या बोटाचे असते. आपण कोठे संपतो आणि मुलगा कोठे सुरू होतो, हे या बाईला कळत नाही. आणि बाँग हे डॉक्टरच्या भाषणातून न सांगता एका बोटातून सांगतात. पुढे एका शाळकरी मुलीचा खून होतो, पोलीस दो-जूनकडून कबुलीजबाबावर सही घेतात, आणि सारे गाव, वकील, अंमलदार यांनी पाठ फिरवल्यावर ती एकटी खऱ्या खुन्याच्या शोधाला निघते.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडून पुढे जावे. शोधाच्या शेवटी तिला एक भंगार गोळा करणारा म्हातारा सापडतो, आणि त्याने खुनी पाहिलेला असतो. तो खुनी म्हणजे दो-जूनच. ते ऐकताच ती त्या म्हाताऱ्याला ठार मारते व त्याची झोपडी पेटवून देते. मग पोलीस दुसऱ्याच एका मंदबुद्धीच्या मुलाला पकडतात. ती त्याला तुरुंगात भेटायला जाते, आणि तुला आई आहे का, एवढेच विचारून रडू लागते. त्या अश्रूंत सारे आहे: या मुलाच्या वतीने धावणारे कोणी नाही म्हणून तो अडकला, आणि आपण धावलो म्हणून तो अडकला, हे तिला कळले आहे. तत्पूर्वी आणखी एक गोष्ट उघड झालेली असते. दो-जून पाच वर्षांचा असताना, दारिद्र्याला कंटाळून तिने त्याला कीटकनाशक पाजले होते. दोघांनी मिळून मरायचे होते. मुलाला ते तुरुंगात आठवते, आणि दुःखद स्मृती पुसून टाकणाऱ्या एका विशिष्ट ठिकाणी सुई टोचू देण्याची ती त्याला विनवणी करते. अखेर ती सुई ती स्वतःच्याच मांडीत खुपसते. परशुरामाने आईसाठी जे मागितले, ते येथे आई स्वतःसाठी मागते आहे.

ही भूमिका किम हे-जा या अभिनेत्रीने केली, आणि ही निवडच मोठी धाडसाची होती. कारण दूरचित्रवाणीवरील एका ग्रामीण कौटुंबिक मालिकेत त्यांनी दोन दशके माता रंगवली होती, आणि कोरियन जनतेच्या मनात त्या आदर्श आईची साक्षात मूर्ती होऊन राहिल्या होत्या. बाँग यांनी त्याच मूर्तीच्या हातात रक्त दाखवले. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांनी आईला निर्दोष ठरवलेले नाही. तिने खून केला आहे, एका निरपराध्याला तुरुंगात जाऊ दिले आहे. कैफियत ऐकून घेणे म्हणजे दोषमुक्ती नव्हे. आधी ऐकायचे आणि मग ठरवायचे, एवढाच न्यायाचा नियम आहे, आणि ‘मदर’ तो पाळतो.

दोन वर्षांनी लिन रॅमझी यांचा ‘वी नीड टू टॉक अबाउट केव्हिन’ हा चित्रपट आला. लायोनेल श्रायव्हर यांच्या २००३ सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. शाळेत धनुष्यबाणाने हत्याकांड करणाऱ्या केव्हिनची आई इव्हा ही आता गावात एकटी राहते. रस्त्यात एक बाई तिच्या थोबाडीत मारते, घरावर कोणी लाल रंग फेकते, आणि ती तो निमूटपणे खरवडून काढते. तिला हे मूल हवेसे वाटले नव्हते, एकदा संतापाच्या भरात तिच्या हातून त्याचा हात मोडला होता, हे चित्रपट लपवत नाही. तसेच, मुलात काहीतरी विपरीत आहे असे ती सांगत असता नवऱ्याने ते कधीच मानले नाही, हेही लपवत नाही. येथे बाप घरात आहे, पण तो पाहत नाही. दोष तिचा की मुलाच्या जन्मजात प्रकृतीचा, याचा निकाल रॅमझी देत नाहीत. शेवटच्या भेटीत, तू हे का केलेस, असे तिने विचारताच, पूर्वी मला वाटे की ते मला ठाऊक आहे, आता तशी खात्री वाटत नाही, अशा अर्थाचे उत्तर केव्हिन देतो. ‘सायको’तील डॉक्टरला पाच मिनिटांत जे सांगता आले, ते येथे प्रत्यक्ष अपराध्यालाही सांगता येत नाही, आणि मानवी मनाविषयीचे अधिक प्रामाणिक विधान हेच आहे. टिल्डा स्विंटन यांचा इव्हाच्या भूमिकेतील अभिनय यासाठी पाहिलाच पाहिजे.

जेनिफर केंट यांच्या ‘द बाबाडूक’ (२०१४) या ऑस्ट्रेलियन चित्रपटात विधवा आईचा मुलावरील राग एका राक्षसाच्या रूपाने घरात वावरतो. तिला प्रसूतीसाठी रुग्णालयात नेत असताना नवरा अपघातात गेला, म्हणून मुलाचा वाढदिवस तिला साजरा करवत नाही. आणि खुद्द मिसेस बेट्सलाही उशिरा का होईना न्याय मिळाला: २०१३ ते २०१७ या काळात चाललेल्या ‘बेट्स मोटेल’ या मालिकेत व्हेरा फार्मिगा यांनी तिला जिवंत, चंचल, प्रेमळ, धास्तावलेली आणि चुका करणारी स्त्री म्हणून पाच पर्वांत रंगवले. मालिका म्हणून तिची रचना सर्वत्र सारखी बांधीव नाही. परंतु त्या बाईला तिचा स्वतःचा चेहरा आणि स्वतःचा आवाज मिळाला, हे मालिकेचे ऋण मान्य केले पाहिजे.

वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी ‘सायको’ पूर्वी पाहिला असला तरी पुन्हा एकदा पाहावा, आणि या वेळी डॉक्टरचे भाषण ऐकताना हे कोणी कोणाविषयी सांगितले आहे, एवढे मनाशी तपासत राहावे. त्यानंतर बाँग यांचा ‘मदर’ पाहावा. हा क्रम शक्यतो उलटू नये. कारण ‘मदर’ आधी पाहिला, तर ‘सायको’तील तो निकाल कोणत्याही सहृदय प्रेक्षकाला मान्य होणार नाही.